वाटेवरची अतिदक्षता

घरातून किंवा अपघातस्थळावरून रुग्ण उचलून रुग्णालयात आणणारी रुग्णवाहिका सर्वांच्या परिचयाची असते. मात्र एका रुग्णालयातून दुसऱ्या, अधिक सुसज्ज रुग्णालयात रुग्ण हलवण्याचे काम पुष्कळदा त्याच गाडीतून आणि त्याच माणसांकडून होत असले, तरी त्याचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. पहिल्या प्रकारात रुग्णाला उपचार मिळायचे बाकी असतात आणि म्हणून तेथे मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. दुसऱ्या प्रकारात उपचार आधीच सुरू झालेले असतात. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी, शिरांमध्ये दोन-तीन सलाइनच्या सुया, मूत्राशयात कॅथेटर आणि क्वचित छातीत निचऱ्याची नळी असते, आणि हा सगळा पसारा चालत्या गाडीत अखंड चालू ठेवायचा असतो. ज्याला व्यवहारात ‘पेशंट शिफ्ट करणे’ म्हणतात ते हे आंतररुग्णालयीन रुग्णवहन अतिदक्षता विभागातल्या इतर कोणत्याही प्रक्रियेइतकेच जोखमीचे असून त्याचे यशापयश बहुतांशी गाडी सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची रचनाच रुग्ण पुढे पाठवावा लागेल या गृहीतावर उभी आहे. सर्वांत खाली उपकेंद्र, त्यावर साधारण ३०,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ म्हणून रुळलेले जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशी ही उतरंड आहे. भामरागडचा रुग्ण गडचिरोलीला आणि तेथून नागपूरला जातो, धारणीचा रुग्ण मेळघाटातल्या वळणांवरून अमरावतीला येतो, तर सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण राज्याची हद्द ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘गोमेकॉ’त नेला जातो. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या काही पाड्यांना तर रस्ताच नसल्याने वाटचालीचा पहिला टप्पा बोटीतून पार करावा लागतो. एकच रुग्ण दोन-तीन पायऱ्या चढत वर जातो तेव्हा प्रत्येक पायरीवर त्याला एका खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून दुसऱ्या खाटेवर घ्यावे लागते, आणि प्रत्येक पायरीवर त्याची माहिती थोडी थोडी गळत जाते.

राज्यात ‘१०८’ क्रमांकाची आपत्कालीन सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक म्हणजे व्हेंटिलेटर व हृदयाला विद्युत्‌झटका देणारे यंत्र असलेल्या, आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक होत्या. इतर अनेक राज्यांत अशा गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर ठेवण्याचा मार्ग निवडला. यांतील अनेक डॉक्टर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. याखेरीज गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि आजारी अर्भके यांच्यासाठी ‘१०२’ची वाहने आहेत, जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार घरून रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणे आणि पुन्हा घरी सोडणे या तिन्ही फेऱ्या विनामूल्य असतात, ही गोष्ट आजही पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

वाहनांच्या दर्जाबाबतही देशात मानक आहे. ‘एआयएस-१२५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले आहेत: अरुंद जागी प्रथमोपचार पोहोचवणारे वाहन, स्थिर रुग्णाची ने-आण करणारे वाहन, मूलभूत जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. बाजारात मात्र ‘कार्डिॲक ॲम्ब्युलन्स’ हा एकच शब्द चालतो आणि त्या नावावर जास्त भाडे आकारले जाते. गाडीत व्हेंटिलेटर बसवलेला असणे आणि तो चालवता येणारा माणूस गाडीत असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि रुग्णाच्या दृष्टीने दुसरी बाब अधिक मोलाची आहे. कारण व्हेंटिलेटर बंद पडला तरी जाणता माणूस हाताने दाबायच्या फुग्यावर, म्हणजे अंबू बॅगवर, रुग्णाला तासभर सांभाळू शकतो, उलट अजाण हातांत चालू व्हेंटिलेटरही घातक ठरतो.

रुग्ण हलवायचा की नाही हा पहिला निर्णय, आणि तो वाटतो तितका सरळ नसतो. पुढच्या रुग्णालयात जे मिळणार आहे ते येथे मिळत नाही, आणि ते मिळण्याचा लाभ प्रवासाच्या धोक्यापेक्षा मोठा आहे, या दोन्ही गोष्टी पटल्या तरच वहनाला अर्थ असतो. हृदयविकाराच्या तीव्र झटक्याचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असता ती तत्काळ अँजिओप्लास्टीने उघडणे हा सर्वोत्तम उपाय असतो. परंतु निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याची शक्यता नसेल, तर आहे त्याच ठिकाणी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्ण पुढे पाठवावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. तालुक्याच्या गावी इंजेक्शन उपलब्ध असताना ते न देता रुग्णाला तीन तासांच्या वाटेला लावणे म्हणजे हृदयाचा स्नायू वाटेत मरू देणे होय. हेच तत्त्व अन्यत्रही लागू पडते. गरोदरपणातील झटक्यांच्या, म्हणजे एक्लॅम्पसियाच्या रुग्णेला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन मग पाठवावे. मण्यार किंवा नाग चावलेल्या रुग्णाला प्रतिविषाच्या पहिल्या दहा कुप्या तेथेच सुरू कराव्यात, आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या असतील, गिळता येत नसेल, तर श्वास थांबण्याची वाट न पाहता श्वासनलिकेत नळी घालूनच निघावे, कारण घाटातल्या वळणावर हलत्या गाडीत ती नळी घालणे अनुभवी भूलतज्ज्ञालाही कठीण जाते.

सर्वांत सुरक्षित वहन ते, जे करावेच लागत नाही. याचे महाराष्ट्राच्या मातीतले उदाहरण कोकणात आहे. लाल विंचवाच्या दंशाने हृदय व फुप्फुसांवर ताण येऊन, फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावत असत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा त्यावर उपयोग दाखवून दिला, आणि जो रुग्ण एरवी मोठ्या शहराकडे धाव घेताना वाटेतच गेला असता, तो गावाजवळच्या दवाखान्यात वाचू लागला. खालच्या पायरीवरचे एक औषध वरच्या पायरीकडच्या कितीतरी फेऱ्या वाचवते.

निर्णय झाल्यावर निघण्यापूर्वीची तयारी येते. तिला अर्धा-पाऊण तास लागला तर नातेवाइकांचा धीर सुटतो आणि ‘गाडी दारात उभी आहे, मग थांबलात कशाला’ असा प्रश्न हमखास येतो. पण याच अर्ध्या तासात पुढच्या तीन तासांचे अपघात टाळले जातात. श्वासनलिकेतील नळी ओठांपाशी किती सेंटिमीटरच्या खुणेवर आहे, हे पाहून कागदावर लिहिले जाते. प्रौढ स्त्रियांत ही खूण साधारण २१ आणि पुरुषांत २३ असते, आणि वाटेत ती २६ दिसली तर नळी आत सरकून एकाच फुप्फुसात गेली, १७ दिसली तर बाहेर येऊ लागली, असे स्टेथोस्कोपविना कळते. छातीत हवा साठल्याचा संशय असेल तर निचऱ्याची नळी आधीच घातली जाते. तिची बाटली छातीच्या पातळीखाली ठेवतात आणि नळीला चिमटा लावत नाहीत, कारण चिमटा लावल्यास साठणारी हवा बाहेर पडू न शकल्याने फुप्फुस आणि हृदय दाबले जाऊ शकते. शिरेतील सुया किमान दोन असाव्या लागतात आणि त्यांतली एक अशा बाजूला, जी बाजू गाडीत भिंतीला न लागता डॉक्टरच्या हाताशी येईल.

औषधांच्या पंपांची बाब विशेष नाजूक आहे. रक्तदाब टिकवण्यासाठी दिले जाणारे नॉरॲड्रेनालिन शरीरात दोन-तीन मिनिटांतच निष्प्रभ होते, म्हणून ते सिरिंज पंपाने सतत थेंबाथेंबाने द्यावे लागते. ५० मिलिलिटरची सिरिंज ताशी १५ मिलिलिटर वेगाने चालू असेल तर ती तीन तास वीस मिनिटांत संपते. प्रवास चार तासांचा असेल तर दुसरी सिरिंज आधीच भरून, नाव आणि प्रमाण लिहून, जवळ ठेवावी लागते, अन्यथा ती भरता भरताच रुग्णाचा रक्तदाब कोसळतो. रुग्णालयाच्या पंपावरून रुग्णवाहिकेच्या पंपावर औषध घेतानाही हाच धोका असल्याने नवा पंप सुरू होऊन त्याचा परिणाम दिसेपर्यंत जुना बंद केला जात नाही, आणि नव्या पंपावर रक्तदाब पंधरा-वीस मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय खाट सोडली जात नाही. या थांबण्यामुळे वेळ वाया जातो असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तसे वाटू देणे हाच या कामाचा एक भाग आहे.

मग ऑक्सिजनचा हिशेब. तो पाढ्यांइतका सोपा असूनही वाटेतले पुष्कळसे अनर्थ त्याच्याच चुकण्यातून घडतात. सिलिंडरमधील पाण्याची क्षमता लिटरमध्ये घेऊन तिला दाबमापकावरच्या आकड्याने गुणले की आत किती लिटर वायू आहे हे मिळते; म्हणजे १० लिटर क्षमतेचा लहान सिलिंडर १५० च्या दाबाला पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि काटा ५० वर आला की केवळ ५०० लिटर उरतो. मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला भरलेला सिलिंडर १०० मिनिटे पुरेल; पण करोनाकाळात सर्वांना माहीत झालेल्या उच्चप्रवाही नाकनळीवर मिनिटाला ६० लिटर जात असतील तर तोच सिलिंडर अवघ्या २५ मिनिटांत रिकामा होईल. वाटेत टायर फुटू शकतो, घाटात वाहतूक तुंबू शकते, पोहोचल्यावर खाट रिकामी होईपर्यंत दारात थांबावे लागू शकते, हे धरून अंदाजित गरजेच्या दुप्पट साठा घेण्याचा प्रघात आहे: चार तासांच्या वाटेला मिनिटाला १० लिटर धरले तर २,४०० लिटर लागतील, म्हणून ४,८०० लिटरची तजवीज, अर्थात सुमारे ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर. विजेचेही तसेच. बॅटरी चार्ज झाल्याचा दिवा हिरवा दिसणे पुरेसे नसून ती प्रत्यक्षात किती वेळ टिकते हे आधी तपासलेले असावे लागते.

नळ्या निसटण्याचे प्रसंग रस्त्यापेक्षा खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना अधिक संभवतात. चार जण चादरीच्या चार कोपऱ्यांना, आणि पाचवा रुग्णाच्या डोक्याशी, एका हाताने नळी धरून. उचलण्याचा इशारा फक्त या पाचव्याने द्यायचा, कारण नळी त्याच्या हातात आहे, असा साधा नियम आहे. उचलण्यापूर्वी मूत्राची पिशवी, निचऱ्याची बाटली आणि ऑक्सिजनची नळी कोठे अडकलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहिले जाते. रात्री अडीच वाजता, वॉर्डात एकच परिचारिका आणि एकच वॉर्डबॉय असताना, हे पाच जण जमवणे हेच कित्येकदा सर्वांत अवघड काम असते आणि मग नातेवाइकांनाच चादर धरावी लागते.

गाडी सुरू झाली की रुग्णाच्या शरीरावर काही भौतिक परिणाम घडू लागतात. रुग्ण सहसा डोके पुढे करून निजवलेला असतो, त्यामुळे गाडीने वेग घेतला की रक्त पायांकडे लोटले जाते आणि जोराचा ब्रेक लागला की डोक्याकडे. निरोगी माणसाचे शरीर हे सहज सावरून घेते. मात्र रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाचा रक्तदाब वेग घेताना घसरतो आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतला दाब ब्रेक लागताना वाढतो. मेंदूच्या दुखापतीत तर वरचा रक्तदाब एकदाही ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते, असे १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले होते. म्हणून अशा रुग्णाच्या डोक्याकडची बाजू ३० अंशांनी उचललेली असते, आणि पायलटकडून अपेक्षा असते ती वेगाची नव्हे, तर एकसारख्या चालीची. उपचार सुरू असलेल्या, स्थिर केलेल्या रुग्णाला सायरन लावून ताशी १०० किलोमीटरने नेल्याने फार तर काही मिनिटे वाचतात, आणि त्यासाठी आतली सारी माणसे पणाला लागतात. आतल्या डॉक्टरला बहुधा आडव्या बाकावर बसावे लागते, रुग्णाकडे वाकताना पट्टा सोडावा लागतो, आणि आंबा घाटासारख्या वळणांवर त्यालाच उलटीची भावना होत असते.

चालत्या गाडीत इंद्रियेही निकामी होतात. इंजिनच्या आवाजात स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब हादऱ्यांमुळे चुकतो. हृदयाचा आलेख हिंदकळून भलताच दिसतो, आणि हृदय थांबल्याचा भास होतो. अशा वेळी जे उपकरण खरोखर उपयोगी पडते ते कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्‌वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र: त्यावरची लाट नियमित आणि आकडा ३५ ते ४५ च्या दरम्यान असेल तर नळी जागेवर आहे, श्वास चालू आहे आणि रक्ताभिसरणही आहे, या तिन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळतात, आणि लाट अचानक सपाट झाली तर ऑक्सिजनची पातळी घसरण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळते. त्यानंतर शोधायचा क्रमही ठरलेला असतो: नळी सरकली का, नळीत कफ अडकला का, छातीत हवा साठली का, की यंत्रच बिघडले. उत्तर सापडत नसेल तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून, व्हेंटिलेटर काढून, अंबू बॅग हातात घ्यावी, ही यातली सर्वांत महत्त्वाची शिकवण आहे. थांबण्याची लाज वाटता कामा नये.

नवजात अर्भकाच्या वहनात सर्व शत्रूंमध्ये थंडी ही सर्वांत मोठी. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवे; ते ३६ च्या खाली गेले की बाळ आपली साखर आणि ऑक्सिजन उष्णता निर्माण करण्यात खर्च करू लागते आणि ३२ च्या खाली जीवघेणी स्थिती येते. वहनातून आलेल्या बाळाची अवस्था झटपट मोजण्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २००७ साली एक सोपी पद्धत मांडली. तिच्यात तापमान, ऑक्सिजन, त्वचेतले रक्ताभिसरण आणि रक्तातली साखर एवढ्या चारच बाबी पाहिल्या जातात, म्हणजे महागडी तपासणी लागत नाही. उष्णतापेटी नसेल तर बाळाला आईच्या किंवा अन्य नातेवाइकाच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून, डोक्यावर टोपी घालून आणणे हा उत्तम मार्ग आहे. त्याहून उत्तम म्हणजे अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार हे दिसत असेल तर बाळ पोटात असतानाच आईला हलवणे. आणि तिला नेताना डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून तिचा रक्तदाब घसरत नाही.

एवढे सगळे जुळले तरी पुढे खाट नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच, आणि भारतातल्या अशा वहनाचे दुखणे मुख्यतः येथे आहे. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेला एक शेतमजूर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरत राहिला. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती, आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भंग ठरवला, २५,००० रुपयांची भरपाई दिली, पैशांची चणचण हे सरकारचे कारण अमान्य केले, आणि रिकाम्या खाटांची माहिती एका ठिकाणी मिळावी व रुग्णवाहिकांत योग्य साधने व माणसे असावीत, असे सांगितले. अमेरिकेत १९८६ पासून असलेल्या कायद्यानुसार रुग्ण स्थिर करणे, पुढच्या रुग्णालयाची संमती घेणे, कागदपत्रे सोबत देणे आणि योग्य माणसांसह, योग्य वाहनातूनच पाठवणे हे पाठवणाऱ्या रुग्णालयाचे कर्तव्य आहे. भारतात २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात आपत्कालीन रुग्ण स्थिर करण्याची तरतूद असली, तरी महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. त्यामुळे ‘पुढे न्या’ एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून रुग्णाची जबाबदारी नातेवाइकांवर सोपवणे आजही शक्य होते, आणि हे वैद्यकीय नीतीला धरून नाही.

म्हणून आप्ताला दुसरीकडे हलवावे लागणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात: पुढच्या रुग्णालयात कोणत्या डॉक्टरशी बोलणे झाले आहे आणि त्यांनी खाट ठेवली आहे का, गाडीत सोबत कोण येणार आहे आणि श्वासाची नळी निसटली तर ती पुन्हा घालणे त्यांना येते का, ऑक्सिजन किती तासांचा आहे. दिलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळ लिहिलेला कागद, एक्स-रे फिल्म आणि सीटी स्कॅनची सीडी मागून स्वतःजवळ ठेवावी, कारण रक्त पातळ करणारे इंजेक्शन किती वाजता दिले हे न कळल्याने पुढची शस्त्रक्रिया अडून राहू शकते. आणि गाडीत बसल्यावर पायलटला ‘जरा दामटा’ असे म्हणू नये.